कोपरा फाडलेलं कार्ड

बारामती डेपो,
१ ऑक्टोबर १९९३

साहेबराव,

पत्रास कारण की तू जिता हाईस का न्हाईस एवढं एका ओळीत कळव. बाकीची खुशाली मागनं सांग.

काल पहाटं आमच्या इंदापुरात मांडणीवरची भांडी वाजली. प्रयागबाई म्हणली मांजर आलं वाटतं. मी म्हणलो मांजरच हाय, आन कुशीवर वळलो. सकाळी डेपोत ड्युटीला आलो तर समदे ड्रायव्हर-कंडक्टर रेडिओभवती उभे. भूकंप झाला म्हणून लातूर, किल्लारी, उमरगा, औसा अशी नावं घेत व्हते. औसा म्हणल्यावर मी गर्दीत घुसून रेडिओला कान लावला. आन मी म्हणलो मांजर हाय.

तुला मी सांगितलं व्हतं. माझ्या गाडीवर कंडक्टर म्हणून वर्सानुवर्सं सुखानं काढलीस. बारामती, भिगवण, इंदापूर, पुन्ना बारामती. मी स्टिअरिंगवर, तू घंटीवर. भिगवणला मासं घ्यायला मी गाडी जरा जास्त थांबवायचो, तू पॅसेंजरांना कायतरी थाप मारायचास. कशाला पायजे व्हती तुला बढती? पर न्हाय. वाहतूक नियंत्रक व्हायचं व्हतं, टेबल पायजे व्हतं, शिट्टी पायजे व्हती. त्या टेबलासाठी औसा तालुक्यातल्या कुठल्याशा फाट्यावर जाऊन बसलास, जितं आपल्याकडचं कुत्रंबी जात न्हाय. तुझी बायको गेल्यापासनं आईला तुझ्याबिगर कोन हाय, एवढा तरी इचार करायचास.

लातूरला फोन लावला, लागत न्हाय. लातूर गाडीच्या ड्रायव्हरकडं निरोप दिला, तर गाडी बार्शीवरनंच माघारी आली. आता उद्या मला पिंपळीला रंगुबाईकडं जावं लागंल. ती इचारणार, हिंदुराव, माझ्या साहेबरावाचं काय कळलं का? मी काय सांगू? मी खोटं बोलाय लागलो की माझं कान लाल हुत्यात, आन ते तिला पक्कं म्हाईत हाय.

ताबडतोब लिव. हात मोडला आसंल तर कुणाकडनंतरी लिवून घे.

हिंदुराव


बारामती डेपो,
९ ऑक्टोबर १९९३

वाहतूक नियंत्रक साहेबरावांचे जागेवर सध्या जे कोणी बसत असतील त्यांस,

खाली सही करणार हिंदुराव, चालक, बारामती डेपो, अर्ज करतो की साहेबराव हा माझ्या गाडीवरचा कंडक्टर होता. त्याच्या नावामागं कै. लिवायचं म्हणतात, पर हात धजत न्हाय, तरी समजून घेणे.

काल पिंपळीला पोस्टमन गेणबानं त्याच्या आईच्या हातात कार्ड दिलं. कार्डाचा कोपरा फाडलेला व्हता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हंजे मयताचं, हे तुमाला सांगाय नको. तुमच्याकडंबी तीच रीत आसंल. आसलं कार्ड घरात नेत न्हाईत, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकत्यात. रंगुबाईनं तर वाचूनबी घेतलं न्हाय. कोपरा बघितला, हातानं बारीक तुकडं केलं, आन तितंच दारात बसली. मी पोचलो तवर समदी वस्ती गोळा झाल्याली. तुकडं वाऱ्यानं गेल्यालं.

आता त्या कार्डात काय लिवलं व्हतं हे कुणालाच म्हाईत न्हाय. ह्यो गेणबा एरवी सायकलवर बसून सगळ्या गावाची कार्डं वाचत येतो. कुणाच्या लेकीचं सासरी काय बिनसलं, कुणाचं लगीन मोडलं, ह्याला घरच्यांच्या आदी कळतंय. आन नेमकं हेच कार्ड ह्यानं वाचलं न्हाय. म्हणतो, कोपरा बघितला आन वाचवंना. माझ्या हातात त्यावेळी स्टिअरिंग आसतं तर त्याच्या सायकलवरनं गाडी नेली आसती.

तरी विनंती की, कार्ड कुणी लिवलं, साहेबराव कुठं सापडला, त्याचं पुढचं कुणी केलं, ते कळवावं. त्याची ट्रंक आन वळकटी लातूर-बारामती गाडीत टाकून द्यावी, मी उतरून घीन. शेवटी कायतरी बोलला आसंल तर तेबी कळवावं. आईला सांगायला पायजे.

हिंदुराव, चालक


फाट्यावरचा स्टँड, ता. औसा,
१३ ऑक्टोबर १९९३

हिंदुतात्या, जय भीम.

तुमचा अर्ज मीच उघडला, कारण माझ्या जागेवर मीच बसतो. स्वतःच्या मयताची चौकशी स्वतःच वाचायचा योग फार थोड्यांना येत असेल. मी जिवंत आहे. ट्रंक शाबूत आहे. वळकटी एका म्हाताऱ्याला दिली, ती मिळणार नाही. शेवटचं काही बोललो नाही.

गावात भाड्यानं घेतलेली खोली बसली. विसर्जनाच्या गर्दीमुळं शेवटची गाडी फार उशिरा आली, म्हणून मी त्या रात्री स्टँडच्या पत्र्याच्या शेडमध्येच पडलो होतो. पत्रा वाजला, पडला नाही. खोलीत गेलो असतो तर तुमचा अर्ज बरोबर ठरला असता.

पण तुम्ही लोकांनी काय मांडलंय हे? तीन तारखेला मी स्वतःच्या हातानं आईला कार्ड टाकलं. मी खुशाल आहे, काळजी करू नये, जेवण वेळेवर करावे. एवढंच लिहिलं होतं. कोपरा वाटेत कुठं फाटला असेल. पोस्टाची पिशवी काय कमी आपटतात? तेवढ्यावरून तुम्ही मला मारलंत. आणि आईला काय म्हणावं? छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव हिनं स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडले. अमावास्या सोडली, अंगारा सोडला, नवस सोडले. आणि कार्डाच्या कोपऱ्याला घाबरून बसली. तिला माझं हे पत्र वाचून दाखवा आणि जेवायला घाला.

दुसरं म्हणजे डेपोतून कुणालाही इकडं बघायला पाठवू नका. इथं बघायला येणाऱ्यांनी जीव नकोसा केलाय. जीपगाड्या भरून येतात, सोबत डबे असतात, आणि मला विचारतात, जास्त पडझड कुठल्या गावात बघायला मिळेल? मी कुणाकुणाला उलट्या दिशेला पाठवतो. कपडेही पाठवू नका. जरीच्या साड्या आणि सुटाचे कोट यांचा ढीग पडलाय, अंगाला लावावं असं काही त्यात नसतं.

पाठवायचंच असेल तर कोरी पोस्टकार्डं पाठवा. बारामतीच्या पोस्टात मिळतील तेवढी. आणि बॉलपेनं.

साहेबराव


बारामती डेपो,
१७ ऑक्टोबर १९९३

साहेबराव,

तुझं पत्र आलं. आदी अख्ख्या डेपोला चहा पाजला, मग तुला शिव्या घातल्या. दोन्ही मनापासनं. प्रयागबाई रडली, आन मग म्हणली, मेल्याला जरा लवकर लिवता आलं न्हाय व्हय?

ड्युटी सुटल्यावर तसाच पिंपळीला पळालो. म्हणलं आता म्हातारी उठंल, जेवंल, मीबी दोन घास खाईन तितंच. वाचलं तिला. एकूण एक ओळ वाचली. तिनं निवांत ऐकून घेतलं आन माझ्याकडं बघत ऱ्हायली. मग म्हणली, "हिंदुराव, तुमचं कान लाल झाल्यात."

मी म्हणलो, बाई, उन्हातनं सायकल मारत आलोय. तर म्हणली, जित्या माणसाच्या कार्डाचा कोपरा कुणी फाडत न्हाय. ही म्हातारी मरू नये म्हणून तुमी लिवून आनलंसा. तुमचा जीव हाय त्याच्यावर, म्हणून तुमाला खरं बोलवंना. मी कपाळावर हात मारला. शाळेतल्या बाईंना बोलवून आनलं, त्यांच्याकडनं वाचून घेतलं. तर म्हणली, बाई काय, तुमी सांगितलंसा तसं वाचत्यात. तुझी सही दाखवली. तिला सहीतलं काय कळतंय? आता ह्या बाईला मी तुझा जितेपणा कसा पटवून देऊ, तूच सांग. आदी खबर नसताना तू खुशाल हाईस म्हणून खोटं बोललो तवा माझं ऐकलं न्हाय, आता खरं बोललो तरी ऐकत न्हाय.

साहेबराव, थट्टा ऱ्हाऊ दे. ती जेवत न्हाय. कपभर काळा चहा घेती, तेवढाच. प्रयागबाईनं भिगवणच्या माशाचं कालवण करून नेलं, तिनं ताट हातात घेतलं आन शेजारच्या घरात देऊन आली. चालताना भिंतीला हात लावून चालती. हाताची हाडं दिसाय लागल्यात. मला भ्या वाटतंय. तू तिकडं वाचलास, आन ती हितं जाईल.

त्यात तुझा मामा. आबासाहेबांनी मयताचा इधी म्हणून तुझं पुण्यानुमोदन दसऱ्याच्या पुढच्या रव्वारी धरलंय. भन्तेजींना सांगून आलं, मांडववाल्याला सांगून आलं. मी म्हणलो, आबासाहेब, माणूस जिता हाय. तर म्हणलं, मग येऊन थांबवू दे की, आमी काय हौसंनं करतोय व्हय?

तवा तू ये. एक दिवस ये. तोंड दाखव, तिच्या हातची भाकरी खा, आन परत जा तुझ्या शिट्टीकडं. आपल्या सायबांनी तुमच्या सायबांना सांगायचं कबूल केलंय.

आन त्या कोपऱ्याचं. गेणबाला मी धरून इचारलं. त्यो म्हणतो, पिशवीत फाटल्याला कोपरा आन हातानं फाडल्याला कोपरा मला ह्या जल्मात वळखू येत न्हाय व्हय? सरळ, हातानं फाडलेला व्हता. पत्त्याला धक्कासुद्धा लागल्याला नव्हता. कुणी फाडला? तुझ्या कार्डाला हात लावायचं कुणाला काय काम?

कार्डं लातूर गाडीच्या कंडक्टरकडं देतोय, पोस्टात व्हती तेवढी समदी. पोस्टमास्तर माझ्याकडं येड्यासारखा बघत व्हता. गावं ढिगाऱ्याखाली आन तुला कार्डं पायजेत. एवढं कुणाला लिवतोस? आईला एक धड लिवता आलं न्हाय.

हिंदुराव


फाट्यावरचा स्टँड, ता. औसा,
२१ ऑक्टोबर १९९३

तात्या,

कोपरा मीच फाडला.

तुमचा तो अर्ज वाचला तेव्हाच मला ते कळलं होतं. लिहायची लाज वाटली म्हणून पोस्टावर ढकललं. आता तुम्ही गेणबालाच धरलंत, तर ऐका.

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेडमध्ये आला. अंगभर माती. म्हणाला, बाबू, एक कार्ड लिहून द्या, लेक सोलापूरच्या पलीकडं दिलीय, तिला कळवायचंय. गावातलं पोस्ट पडलं होतं. मास्तर सापडले नव्हते. टेबलाशी बसलेला, लिहिता येणारा माणूस त्या फाट्यावर मी एकटा. कार्डांचा एक गठ्ठा पोस्टाच्या ढिगाऱ्यातून कुणीतरी काढून आणला होता. मी लिहिलं, रीतीप्रमाणं कोपरा फाडला आणि त्याच्या हातात दिलं. मान वर केली तर त्याच्यामागं एक बाई उभी होती. तिच्यामागं आणखी माणसं. गाडीला लागते तशी रांग लागली होती. ती अजून मोडलेली नाही.

लोक नावं कशी सांगतात माहीत आहे का? जशी झोपली होती तशी सांगतात. दारापासून सुरुवात करतात. दाराशी थोरला, त्याच्याजवळ सून, मग पोरं, मग भिंतीकडं आई. मी तसंच लिहितो. मदतीला आलेली कॉलेजची मुलंही लिहून देतात, चांगली आहेत, पण ती मधेच वय विचारतात, नातं विचारतात, मग सांगणारा थांबतो आणि उठून माझ्या रांगेत येतो.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशीची फेरी असली की गाडी सुटायच्या आधीच मी तिकिटांचा ट्रे लावून, सुट्टे मोजून तयार असायचो. तुम्ही चेष्टा करायचात. तीच सवय इथं नडली. माणूस समोर बसलेला असताना कोपरा फाडायला माझा हात होत नव्हता. तो आवाज त्याला ऐकू जातो. म्हणून सकाळी रांग लागायच्या आधीच मी गठ्ठा घ्यायचो आणि सगळ्या कार्डांचे कोपरे फाडून ठेवायचो. तीन तारखेला जरा उसंत मिळाली तेव्हा त्याच गठ्ठ्यातलं एक काढलं आणि आईला लिहिलं, मी खुशाल आहे. कोपरा नाही हे मला दिसलंच नाही, तात्या. त्या दिवसांत सबंध कार्ड कसं असतं हेच मी विसरून गेलो होतो.

तुम्ही ये म्हणता. मी उठलो तर ही रांग कुणाकडं जाईल? आणि खरं सांगू का, मला आईसमोर यायचं धैर्य नाही. एवढ्या घरांना मी हे कळवलं, ते खरं होतं म्हणून कळवलं. तिला मात्र मी जिवंतपणी माझं मयत कळवलं. तिच्या दारात काय तोंड घेऊन उभा राहू?

तुम्हीच काहीतरी करा. दुसऱ्या कुणाकडून पटवा. तिला इकडं आणायचा मात्र विचारही करू नका. इथं अजून वास आहे. तिला ते बघवणार नाही, आणि ती बघतेय हे मला बघवणार नाही.

साहेबराव


बारामती डेपो,
२५ ऑक्टोबर १९९३

साहेबराव,

तुझं पत्र रिकाम्या गाडीत एकटाच बसून वाचलं. शिव्या द्यायला तोंड उघडलं व्हतं, त्याच तोंडानं परत पहिल्यापासनं वाचलं.

काल दसरा. गाडी धुतली, झेंडूचा हार घातला आन दुपारी पिंपळीला गेलो. रंगुबाई पांढरं लुगडं नेसून विहारात जाऊन आली व्हती, म्हंजे बायांनी धरून नेऊन आनली व्हती. मी म्हणलो, आणखी एक पत्र आलंय, ऐकायचं तर ऐका, न्हायतर माझं कान बघा. मी वाचाय लागलो. म्हाताऱ्याचं वाचलं, रांगेचं वाचलं, झोपल्याली तशी नावं सांगत्यात तेबी वाचलं. मग तुझ्या ट्रेचं आन गठ्ठ्याचं आलं. तितं तिनं हात वर केला. म्हणली, हे परत वाचा.

मी परत वाचलं, सगळ्या कार्डांचं कोपरं सकाळीच फाडून ठेवायचो. आन साहेबराव, म्हातारी हसाय लागली. हसता हसता पदर तोंडावर घेतला, मग हसती का रडती कळंना.

"ह्यो माझाच हाय," म्हणली. "न्हानपणी वाटीभर शेंगा दिल्या की समद्या आदी फोडून ठिवायचा, मग खायचा. तवर कोंबड्या येऊन दाणं घिऊन जायच्या. कितींदा मारला, पर खोड गेली न्हाय. दुसरं कोन करंल आसलं?"

तू स्वतः लिवलंस मी जिता हाय, पटलं न्हाय. शाळेच्या बाईंनी वाचलं, पटलं न्हाय. तुझी सही, पटली न्हाय. तुझा येडेपणा वाचला आन लगेच पटलं. उठली, चुलीपाशी गेली, शेजारणीनं ठेवल्याली भाकरी दुधात कुस्करून माझ्यासमोर खाल्ली. आन म्हणली, भाकरीत मीठ न्हाय.

आबासाहेब रुसल्यात. मांडववाल्याला काय सांगू म्हणत्यात. मी म्हणलो, माझ्या नावानं घाला, ह्या भानगडीत मीच मरायचा ऱ्हायलोय.

आता ऐक. तू आणू नका म्हणलास, तेबी मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणली, लातूर गाडी किती वाजता सुटती? मी म्हणलो, बाई, त्यो नगं म्हणतोय. तर परत तेच, किती वाजता? मी ड्युटी बदलून घेतलीय. एकोणतीस तारखेला लातूर गाडी मी आणतोय, पुढं औशाच्या गाडीत बसवून फाट्यापत्तोर मीच येतो. तुला काय बोंबलायचं ते तिच्यासमोर बोंबल. माझ्याच्यानं आता मधल्यामधी निरोप सांगणं हुईत न्हाय.

हिंदुराव


फाट्यावरचा स्टँड, ता. औसा,
४ नोव्हेंबर १९९३

तात्या, जय भीम.

त्या दिवशी आईनं सगळ्या रांगेसमोर माझं तोंड चाचपलं, कान चाचपले आणि मग कानाखाली वाजवली, तेवढं तुम्ही बघितलंत. लगेच परतीची गाडी म्हणून पळालात. डोळे पुसत पळालात, ते मी बघितलं. पुढचं तुम्हाला माहीत नाही, आणि सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण आईनं माझ्या डोक्याला ताप केलाय.

पहिल्या दिवशी दिवसभर ती माझ्या टेबलाशेजारी पोत्यावर बसून राहिली. संध्याकाळकडं तिच्याच वयाची एक बाई आली. लेक बार्शीकडं दिलेली, तिला कळवायचं होतं. तिनं दारापासून नावं सांगितली, मी लिहिलं. बाई लुगड्यावरची माती झाडत उठायला लागली, तेव्हा आईनं तिला विचारलं, बये, तू कुठं निजली व्हतीस? ती म्हणाली, मी परसात, म्हशीपाशी. आई माझ्याकडं वळली. म्हणाली, हे लिवलंस का? मी म्हणालो, हे कशाला, कार्ड गेलेल्यांचं असतं. तर म्हणाली,

"फाटका कोपरा बघून कुणी वाचत न्हाय रे. मी वाचलं व्हतं का?"

मग तिनं हुकूमच काढला. प्रत्येक घराला दोन कार्डं. एक फाटकं, त्यात गेलेले. एक सबंध, त्यात राहिलेले, तेही दारापासून. कोण आहे, कुठं आहे, काय खाल्लं, म्हैस दूध देते का. सबंध कार्ड आधी टाकायचं, फाटकं दुसऱ्या दिवशी. मी म्हणालो, आई, दुप्पट काम होईल, रांग हलणार नाही. तर म्हणाली, तुला कुठं जायचंय?

आणि फाटक्या कार्डांना मला हात लावू देत नाही. मी लिहून बाजूला ठेवतो, कोपरा ती फाडते. एकेकच, माणूस उठून गेल्यावर. सकाळी चुकून मी गठ्ठा पुढं ओढला तर हातावर चापट बसते. रांगेतली माणसं आता आधी तिच्याशी बोलतात, मग माझ्याकडं येतात. जीपवाल्यांना तर तिनं असं काही सुनावलं की त्या दिवसापासून जीप फाट्यावर थांबत नाही. झोपते ती शेडमध्येच, बायकांच्या बाजूला. परत कधी जाणार विचारलं की ऐकू येत नाही असं करते. आबासाहेबांना सांगा, मांडव खरंच लागणार असेल तर इकडं पाठवून द्या, ऊन फार आहे.

काही घरं अशी आहेत, तात्या, की शेजारी येऊन सांगतो. दारापासून भिंतीपर्यंत सगळी नावं सांगून होतात. मग दुसऱ्या कार्डात लिहायला कुणी नसतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि आईला म्हणालो, इथं तुझं सबंध कार्ड कोरंच जाणार. ती बराच वेळ पोत्याचे धागे काढत बसली. मग म्हणाली, "लिव, पिंपळीची रंगुबाई हितं फाट्यावर हाय. कवाबी ये म्हणावं."

तेव्हापासून तसंच लिहितो. असं एक कार्ड परवा भिगवणला गेलं आहे. हायवेवरच्या एका खानावळीत आचारी आहे, इकडचाच, अंकुश नावाचा. फाटकं कार्ड त्याला अजून मिळालेलं नसेल. तुमची गाडी तिथं थांबते. तो लातूरची गाडी विचारत आला तर त्याला तुमच्यामागच्या सीटवर बसवा, आणि वाटेत काही विचारू नका.

साहेबराव